मेंदूच्या व्यायामाचे अ‍ॅप : अपघातानंतरच्या वापराचा अनुभव

मेंदूच्या व्यायामाच्या या अ‍ॅपमध्ये जोड्या लावण्यासारखे, ठरावीक वेळेत खेळायचे आणि गुण देणारे खेळ आहेत; त्याच्या वापराचा अनुभव लिहिते. मुंबई-आग्रा महामार्गावरील अपघातात धाकट्या भावाच्या मेंदूला मार लागला आणि घरी आल्यावर आम्ही या अ‍ॅपची वार्षिक वर्गणी भरली. गुणांचा आलेख भराभर चढला तेव्हा आईला फार हायसे वाटले.

परंतु जोड्या लावण्यात पटाईत झालेला हाच भाऊ नाशिकच्या रविवार कारंजावर दुकानापुढे उभा राहून मला फोन करी, “ताई, साबण सांगितला होतास की साखर?” 2010 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या 11,430 जणांच्या अभ्यासातही हेच दिसले होते : सरावाच्या खेळात प्रगती झाली, इतर कौशल्यांत ती उतरली नाही. ती माणसे निरोगी होती, हे खरे. पण मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनासाठीची ‘इन्कॉग’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची मार्गदर्शक तत्त्वेही रोजच्या कामांशी संबंध नसलेल्या संगणकी सरावावर विसंबू नका, असेच सांगतात. शिवाय पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो, त्यामुळे आलेखाचे सगळे श्रेय अ‍ॅपला देता येत नाही.

माझा खरा राग पडद्याच्या कोपऱ्यात उलट धावणाऱ्या घड्याळावर आहे. अशा दुखापतीनंतर विचारांची गती मंदावते आणि थकवा लवकर येतो. उत्तर ठाऊक असूनही बोट पडद्यापर्यंत पोहोचण्याआधी वेळ संपतो, लाल फुली उमटते, आणि भाऊ कपाळ दाबत फोन पालथा ठेवतो. हे घड्याळ बंद करण्याची सोय द्या, असे मी ग्राहक सेवेला वारंवार कळवले; दर वेळी तेच छापील आभार आले.

अलीकडे माझे मत थोडे निवळले आहे. लक्ष टिकवण्याचा सराव थेरपिस्टने समोर बसून, युक्त्या शिकवत करून घेतला तर त्याचा उपयोग होतो, हे मी पाहिले. मात्र त्याहून मोठा फरक त्यांनीच सुचवलेल्या खिशातल्या वहीने पडला. घरातून निघताना तो यादी स्वतः लिहितो, घेतलेल्या वस्तूवर रेघ मारतो, आणि औषधांसाठी फोनचा गजर लावतो. वहीला तीस रुपये पडले.

वर्गणीचे ऑटोपे मी बँकेतून बंद केले असून ते पैसे थेरपीसाठी ठेवले आहेत. कोणाला अ‍ॅप घ्यायचेच असेल, तर एका महिन्याचेच घ्यावे आणि घड्याळ बंद करता येते का, हे पैसे भरण्याआधी विचारावे.