हिरवट अंड्यांच्या कोंबड्या घेताय? आधी टरफल आतून बघा

आमच्या पेडणे तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर रंगीत अंडी विकणाऱ्या एका माणसाच्या जाहिरातीचे फोटो अजून फिरतायत. वेताच्या टोपलीत शेवाळी, ऑलिव्ह रंगाची अंडी, बाजूला झुबकेदार शेपटीचा कोंबडा, आणि खाली 'ऑलिव्ह एगर (म्हणजे ऑलिव्ह अंडी देणारी संकरित कोंबडी), उबवायची अंडी, थोडीच शिल्लक'. कुणी पैसे भरायच्या आधी हे वाचावं म्हणून लिहितेय.

रंगीत अंड्यांना गिऱ्हाईक आहे, हे त्याचं म्हणणं खरं आहे. गावठी अंड्याला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फार्मच्या अंड्यापेक्षा चांगला भाव मिळतोच, आणि मांद्रे-मोरजीकडच्या होमस्टेवाल्यांना नाश्त्याला काहीतरी वेगळं हवं असतं. चवथ झाल्यावर मी त्याच्याकडून एक डझन उबवायची अंडी घेतली, अंड्यामागे 350 रुपये. वर 'अस्सल अमेरॉकाना' म्हणून एक कोंबडा 6,000 रुपयांना. पैसे सगळे आगाऊ, यूपीआयने.

अंडी हातात आली ती साधी बदामी. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, टरफलाचा रंग आईचा असतो, आतल्या पिल्लाचा नाही." हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. ऑलिव्ह अंडी देणारी कोंबडी तयार होते ती निळी अंडी देणारी जात (अमेरॉकाना, अरौकाना, क्रीम लेगबार) आणि गडद चॉकलेटी अंडी देणारी जात (मारान्स, वेलसमर) यांच्या संकरातून. म्हणजे त्या पहिल्या पिढीच्या पिल्लाचं अंडं आईप्रमाणे निळं तरी हवं, नाहीतर गडद तपकिरी तरी. फिकट बदामी अंड्याची आई या दोन्हीपैकी कुणीच नव्हती.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, 21 दिवसांनी पिल्ली निघाली, चांगली वाढली. शिमग्याच्या सुमारास तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या. सगळी अंडी फिकट बदामी! एकाही अंड्याला हिरव्याची झाक नाही.

मग त्याची उत्तरं सुरू झाली. आधी म्हणाला, सुरुवातीची अंडी फिकी असतात, रंग पुढे चढतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तपकिरी रंग सुरुवातीला सर्वांत गडद असतो आणि कोंबडी सलग अंडी देत गेली की उतरत जातो. मग त्याने 900 रुपयांची 'रंग चढवणारी पावडर' गळ्यात मारली. खाण्याने रंग बदलतो तो बलकाचा. पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या, हिरवा पाला घातला की बलक केशरी होतो. टरफल निळं होत नाही, कारण निळा रंग कोंबडीच्या वंशातच असावा लागतो. अरौकाना आणि चीनमधल्या डोंगशियांग कोंबड्यांत एका जुन्या विषाणूचा तुकडा जनुकाशेजारी घुसल्यामुळे तो रंग आला, हे 2013 मध्ये संशोधकांनी दाखवलं. ते पावडरच्या पुडीतून मिळणार कसं?

त्याने दाखवायला ठेवलेली अंडी मात्र हिरवीच होती, याचं कोडं मांद्र्याच्या माझ्या मैत्रिणीमुळे सुटलं. तिने त्याच्याकडून खाण्यासाठी तीच ऑलिव्ह अंडी घेतली होती. आम्ही एक फोडलं, आतली पातळ साल सोलून काढली आणि टरफल उजेडात धरलं. आतून चुन्यासारखं पांढरं. दुसऱ्या अंड्यावर माडाच्या व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापूस फिरवला. कापूस हिरवा झाला आणि खालून बदामी टरफल वर आलं. अंडी रंगवलेली होती.

खऱ्या अंड्यात असं होऊच शकत नाही. कोंबडीच्या पोटात टरफल तयार व्हायला साधारण 20 तास लागतात. निळा रंग, म्हणजे बिलिव्हर्डिन, त्या सगळ्या जाडीत मुरतो. तपकिरी प्रोटोपॉर्फिरिन शेवटच्या काही तासांत वरून चढतो. निळ्यावर तपकिरी चढलं की डोळ्यांना ऑलिव्ह दिसतं. म्हणून खरं ऑलिव्ह अंडं आतून निळसर-हिरवट असतं, आणि व्हिनेगरने वरचा तपकिरी थर निघाला तरी खाली निळसरच राहतं. विकणाऱ्याला सांगा, तुमच्यासमोर अंडं फोड. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

कोंबड्याचंही तेच. तो स्वतः अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. पण अमेरॉकानाचा तुरा वाटाणा-तुरा असतो, बुटका, तीन ओळींचा, डोक्याला चिकटलेला, आणि गालांवर पिसांचे झुपके असतात. माझ्या कोंबड्याला सरळ उभा करवती तुरा आणि गाल सपाट. क्रीम लेगबारचा तुरा सरळ असतो हे खरं, पण मला तो त्या नावाने विकलेला नाही, आणि लेगबारच्या डोक्यावरची पिसांची शेंडीही त्याला नाही.

शेवटी त्याने 'ही दुसरी पिढी आहे, रंग फुटतो', म्हणजे काही पिल्लांत येतो, काहींत नाही, असं सांगितलं. निळ्याचा जनुक प्रभावी असतो. ऑलिव्ह कोंबडी परत मारान्सला दिली तरी साधारण निम्म्या पिल्लांत तो उतरतो. सगळ्याच्या सगळ्या तलंगा कोऱ्या निघणं म्हणजे तो जनुक मुळात नसण्याचीच शक्यता जास्त.

मूळ पक्षी कुठून आणले विचारलं तेव्हा 'मित्राने दुबईहून सामानातून अंडी आणली' असं ऐकवलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. परदेशातून जिवंत पक्षी किंवा उबवायची अंडी आणायला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा परवाना आणि क्वारंटाइन लागतं. बर्ड फ्लू, राणीखेत शिरलं तर एका खुराड्याचं नुकसान होत नाही, वाड्यावरच्या सगळ्यांच्या कोंबड्या जातात. कागद दाखवा म्हटल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

मी 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. 1930 वर पैसे गेल्यागेल्या फोन केला तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त, तेव्हा तलंगा अंड्यावर येईपर्यंत थांबू नका, बदामी अंडी हातात पडली त्याच दिवशी फोन करा. ज्यांनी घेतलंय त्यांनी यूपीआयची पावती, चॅट आणि त्याने पाठवलेले फोटो पुसू नका. रंगवलेलं अंडं घरात असेल तर फोडून, टरफल धुऊन वाळवून डबीत ठेवा आणि तक्रारीबरोबर द्या.