सोंगाचा मुखवटा आणि नागलीची काडी: नाशिकच्या एका चित्रशाळेतून घेतलेल्या चित्राविषयी

गेल्या दिवाळीपूर्वी आम्ही गंगापूर रस्त्यालगतच्या एका लहान चित्रशाळेतून बैठकीच्या खोलीसाठी मिश्र माध्यमातील एक चित्र विकत घेतले. तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असलेल्या या चित्रात मांजरपाटावर शेण आणि गेरूचा थर आहे, त्यावर कागदाच्या लगद्याचा अर्धा मुखवटा उठावात बसवलेला आहे आणि मुखवट्याच्या कपाळापासून नागलीच्या (नाचणीच्या) वाळलेल्या काड्या किरणांसारख्या पसरल्या आहेत. चित्रकर्ती सुरगाणा तालुक्यातील कोकणा आदिवासी कुटुंबातल्या आहेत. चित्रशाळेच्या एका भिंतीवर त्यांनी आपली जुनी कामे कालानुक्रमे लावून ठेवली आहेत आणि माझ्या मते या जागेला भेट देण्याचे सर्वांत मोठे कारण हीच भिंत आहे.

भिंतीच्या डाव्या टोकाला पंधरा वर्षांपूर्वीची वारली पद्धतीची चित्रे आहेत. सफाईदार असली तरी त्यांत तारपानृत्याचे वर्तुळ इतक्या वेळा येते की गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा काय मागितले असेल, हे विचारावे लागत नाही. वारली चित्र मुळात विक्रीसाठी नव्हतेच. लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत, त्यात पालघट देवीची स्थापना होई आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी स्त्री, गाणी म्हणे. ही कला १९७० च्या दशकात कागदावर आली आणि डहाणूजवळच्या गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी ती विधीपलीकडे नेऊन रोजचे जगणे, शेती, मासेमारी आणि लोककथा चित्रांत आणल्या. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कपांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर छापलेल्या त्रिकोणी आकृत्या पाहताना हा सगळा इतिहास पुसला गेल्याचे मला खरोखर दुःख होते, आणि म्हणूनच या चित्रकर्तींनी पुढे घेतलेले वळण मला महत्त्वाचे वाटते.

वारलीची मागणी चांगली असतानाही त्या आपल्या गावच्या बोहाड्याकडे वळल्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत बोहाड्याच्या रात्री देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे संबळाच्या तालावर नाचवली जातात. त्यासाठीचे लाकडाचे किंवा लगद्याचे मुखवटे घराघरांत जपलेले असतात आणि ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे असते. या कारणामुळे खऱ्या सोंगाची हुबेहूब नक्कल करून विकणे त्यांना योग्य वाटत नाही. त्या मुखवटा नेहमी अपुरा ठेवतात, कधी एकच डोळा, कधी फक्त हनुवटी. भिंतीच्या मधल्या भागातल्या चित्रांत हा प्रयोग थोडा अवघडलेला दिसतो, कारण मुखवटा, दोरा, बांबूच्या कामट्या आणि रंग यांची दाटी होते. अलीकडच्या पाच-सहा चित्रांत मात्र प्रत्येक वस्तूला जागेवर असण्याचे कारण आहे. आमच्या चित्रातली नागली कणसरी या धान्यदेवतेसाठी आहे, आणि ती रंगवलेली नसून खरी असल्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्या सावल्या शेणाच्या थरावर हलताना दिसतात.

किंमत अठरा हजार रुपये पडली. हाताने केलेले काम आणि त्याला लागलेले दोन महिने लक्षात घेता मला ती वाजवी वाटते. चित्रकर्तींनी खरेदीच्या पावतीसोबत वापरलेल्या वस्तूंची हस्तलिखित यादी आणि देखभालीच्या सूचना दिल्या, ही गोष्ट मोठ्या कलादालनांतही मला क्वचितच अनुभवायला मिळाली आहे.

तक्रारीही आहेत. चौकट चित्रशाळेने बाहेरच्या कारागिराकडून करून घेतली होती आणि तिची काच मुखवट्याच्या नाकाला जवळजवळ टेकत होती, त्यामुळे ती परत पाठवून खोल चौकट करून घ्यावी लागली व त्यात तीन आठवडे गेले. पावसाळ्यात खालच्या डाव्या कोपऱ्यात पांढरट बुरशी धरली. चित्रकर्ती स्वतः घरी आल्या, कोरड्या ब्रशने त्यांनी ती झाडून काढली, चित्र बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर हलवायला लावले आणि सुटलेला थर डिंक घालून पुन्हा बसवून दिला, तोही विनामूल्य. तरीही गोदाकाठच्या दमट घरांत राहणाऱ्यांनी असे चित्र घेण्यापूर्वी जागेचा विचार जरूर करावा, आणि विकतानाच ही सूचना तोंडी मिळायला हवी होती.

दुसरे चित्र आम्ही वाघबारशीच्या, म्हणजे वाघदेवाच्या पूजेच्या सणाच्या, विषयावर सांगितले आहे. वाघदेवाच्या लाकडी खांबावर कोरतात तसे सूर्य, चंद्र आणि वाघ त्यात असावेत अशी आमची इच्छा आहे. नागलीची कापणी होऊन नव्या काड्या हाती आल्यावरच काम सुरू करू, असे त्यांनी कळवले आहे.