स्क्रीनवर एकही कोड नव्हता: जुनं पोकलेन घेताना झालेली फसवणूक

जुनं पोकलेन विकणारा हल्ली ट्रॅक, रोलर, बकेट दाखवण्याआधी चावी फिरवून डिस्प्ले दाखवतो. मलाही तेच दाखवलं. "बघा शेठ, एकही एरर कोड नाही." मशीन वीस टनी वर्गातलं, इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं, बूम (मशीनचा मोठा हात) आणि आर्म (त्यापुढचा हात) झटपट चालले. व्यवहार झाला. त्या कोऱ्या स्क्रीनमागे आधीच दोन बनाव रचलेले होते, आणि तिसरा पुढे दुरुस्तीच्या नावाखाली झाला. तिन्ही पद्धती कोणत्याही मशीनवर करता येतात, म्हणून तपशिलात लिहितोय.

घेतल्यावर सकाळी मशीन चांगलं चालायचं. ऑइल तापलं की बूम उचलायला वेळ लागायचा, स्विंग (वरचा भाग फिरवणं) आणि बूम एकत्र दिले की दोन्ही रेंगाळायचे. हायड्रॉलिक ऑइलच्या तापमानाचा काटा मात्र दिवसभर हिरव्या पट्ट्याच्या मधोमध. मग एक दिवस कोड आला: पंप प्रेशर सेन्सर, व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त.

विकणाऱ्याने आपला मेकॅनिक पाठवला. त्याने कोड वाचला, सेन्सर बदलला, कोड पुसला आणि निघून गेला. चावी फिरवली की कोड परत हजर. पुन्हा आला तेव्हा म्हणाला, "मालक, कंट्रोलर गेला." नवीन म्हणून कंट्रोलर (सेन्सर वाचून कोड देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बसवला, त्याचे पैसे घेतले, आणि जुना 'बदलीत द्यावा लागतो' म्हणून घेऊन गेला. काढलेला सेन्सरही त्याच्याच पेटीत गेला. कोड तसाच राहिला. बसवलेला कंट्रोलर कुठूनतरी काढून दुरुस्त केलेला होता, हे नंतर त्याचं झाकण पाहिल्यावर कळलं. आधी उघडल्याच्या खुणा स्पष्ट होत्या.

या लोकांचं फावतं ते एका समजुतीवर: कोडमध्ये ज्या पार्टचं नाव, तोच पार्ट खराब. कोड तसा नसतो. जे१९३९ या, अवजड वाहनं-मशीनमधल्या कंट्रोलरच्या आपसातल्या संदेशांच्या, ठरलेल्या पद्धतीवर चालणाऱ्या मशीनमध्ये कोडचे दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कशाबद्दल तक्रार आहे, एफएमआय सांगतो तक्रार कोणत्या प्रकारची. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर. त्याच्यासोबत एफएमआय १ असेल तर मोजलेलं प्रेशरच धोक्याइतकं कमी आहे, इंजिन ताबडतोब बंद करायचं. एफएमआय ४ असेल तर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी आहे किंवा वायर शॉर्ट आहे. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. काही कंपन्या डिस्प्लेवर स्वतःचे वेगळे कोड दाखवतात, पण सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येकापुढे हाच फरक लिहिलेला असतो. ३, ४ किंवा ५ आला तर आधी प्लग आणि वायरिंग तपासायचं, पार्ट त्यानंतर. जो मेकॅनिक मल्टिमीटर बाहेर न काढता थेट पार्टची किंमत सांगतो, त्याला तिथेच थांबवा.

खरा दोष दुसऱ्या एका मेकॅनिकने शोधला. त्याने प्रेशर सेन्सरचा प्लग काढून पिना मोजल्या. सप्लायचे ५ व्होल्ट बरोबर येत होते, ग्राउंड येत नव्हता. अशा सेन्सरचा ग्राउंड तुटला की सिग्नल वर चढून बसतो आणि कंट्रोलर 'व्होल्टेज जास्त' म्हणतो. मग तो हार्नेसवरून, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरून, हात फिरवत मागे गेला. सगळ्या वायरिंगवर जुनी धूळ आणि ऑइलचा थर, आणि मध्येच एका जागी काळी टेप ताजी. टेप सोडली तर प्रेशर सेन्सरची ग्राउंड वायर कापून नुसता पीळ देऊन जोडलेली, आणि शेजारी, हायड्रॉलिक ऑइलच्या तापमान सेन्सरच्या वायरींत, एक छोटा रेझिस्टर, म्हणजे ठराविक रोध देणारा तुकडा. तापमानाचा सेन्सर जागेवर होता, पण त्याच्या वायरी कापलेल्या होत्या.

हा रेझिस्टर म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार. तापमानाचा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि त्यावरून कंट्रोलर ऑइल किती गरम आहे ते ठरवतो. व्होल्टेज शून्याजवळ किंवा ५ च्या अगदी जवळ गेलं तर तो सर्किटचा कोड देतो. मधल्या किमतीचा रेझिस्टर लावला की त्याला कायम 'ऑइल ठीक आहे' एवढंच दिसतं. कोड येत नाही, बझर वाजत नाही. टाकीवर तापमानाची गन धरली तेव्हा ९० अंशांच्या पुढे आकडा होता आणि काटा मधोमधच. पंपाचा केस ड्रेन फिल्टर (पंपाच्या आत गळून परत येणारं ऑइल गाळणारा) उघडला तर त्यात पितळी कण. पंप आतून झिजलेला होता. गरम, पातळ ऑइल आतल्या आत गळत होतं. विकणाऱ्याला हे माहीत होतं, नाहीतर तो रेझिस्टर तिथे गेलाच नसता. त्या मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटरचा जीवही त्याच इशाऱ्यांवर अवलंबून असतो, याचा त्याने क्षणभरही विचार केला नाही. याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

दुसरा बनाव त्या मानाने सोपा होता: मेमरी पुसलेली. चालू कोड वेगळे आणि साठवलेले जुने कोड वेगळे. दुसरे सर्व्हिस मेनूत किंवा स्कॅनरवर दिसतात, बऱ्याच मशीनमध्ये किती वेळा आले तेही असतं. हजारो तास चाललेल्या मशीनची मेमरी पूर्ण कोरी असेल तर ती कधी आणि का पुसली हे विचारा.

बघायला जाल तेव्हा मशीन आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा आणि पोहोचल्यावर आधी इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर परत या. थंड मशीनची चावी फक्त ऑन करा: इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. मग स्कॅनरवर कूलंट, इनटेक हवा आणि हायड्रॉलिक ऑइल यांची तापमानं शेजारी शेजारी वाचा. रात्रभर उभ्या मशीनमध्ये ती जवळपास सारखीच हवीत. आमच्या मशीनमध्ये कूलंट बाहेरच्या हवेइतका थंड आणि हायड्रॉलिक ऑइल मात्र चांगलं गरम दिसत होतं. एवढ्या एका तुलनेत रेझिस्टर पकडला जातो. त्यानंतर ऑइल खरंच तापेपर्यंत मशीनकडून काम करून घ्या, बूम खालून वर जायला लागणारा वेळ थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा, आणि पंपाला गेज लावून रिलीफ प्रेशर (ज्या कमाल दाबाला व्हॉल्व्ह उघडतो तो) मॅन्युअलशी ताडून बघा. या वर्गातल्या बहुतेक मशीनमध्ये ते ३५० बारच्या आसपास असतं. विकणारा गेज लावू देत नसेल तर ते मशीन घेऊ नका.

दुरुस्तीच्या वेळी कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. काढलेला प्रत्येक पार्ट ताब्यात घ्या, नव्या पार्टचा नंबर बिलावर लिहून घ्या. आमच्या करारात 'आहे त्या स्थितीत' एवढंच लिहिलेलं होतं आणि विकणारा अजूनही तेवढ्यावरच बोट ठेवतोय. रेझिस्टर, टेपचा तुकडा आणि फिल्टरमधले कण फोटोंसह जपून ठेवले आहेत. ते सगळं वकिलांकडे दिलं आहे.