इम्युटेबल जेएस : जुनी नोंद जपणारी लायब्ररी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीसाठी आम्ही तयार केलेल्या तपासणी-नोंदींच्या प्रणालीत इम्युटेबल जेएस ही जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली आहे. तिच्याविषयी माझे मत अनुकूल आहे, पण सरसकट नाही.

फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतशाळेत, हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा) नंबर, त्या धातूतील घटकांचे प्रमाण आणि त्यातून ओतलेल्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) निकाल यांची सांगड कायम राहावी लागते. सिलिकॉनचा आकडा दुपारी दुरुस्त झाला, तरी सकाळी तो काय होता हे ऑडिटमध्ये दाखवता आले पाहिजे. जावास्क्रिप्टच्या साध्या ऑब्जेक्टमधील (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या संचातील) आकडा जागेवरच बदलला की जुनी अवस्था पुसली जाते, आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी सगळ्या नोंदींची प्रत काढणे परवडत नाही. या लायब्ररीत 'सेट' केले की नवी रचना हाती येते व जुनी जशीच्या तशी राहते. आत 32 फांद्यांचे झाड असल्यामुळे मुळापासून बदललेल्या नोंदीपर्यंतच्या वाटेवरचे मोजके नोड (झाडाचे सांधे) तेवढे नव्याने तयार होतात. उरलेला पसारा दोन्ही आवृत्त्या सामाईक वापरतात. अशा झाडाच्या चार पातळ्यांत 10,48,576 नोंदी मावतात, तेव्हा ही वाट किती आखूड असते ते उघड आहे. फिल बॅगवेल यांच्या संशोधनातून आलेली ही रचना रिच हिकी यांच्या क्लोजर या प्रोग्रॅमिंग भाषेमुळे रुळली आणि ली बायरन यांनी 2014 मध्ये फेसबुककडून ती जावास्क्रिप्टमध्ये आणली.

सेट करताना मूल्य तेच असेल, तर लायब्ररी जुनीच रचना परत देते. त्यामुळे काही बदलले की नाही हे ठरवायला पडद्यावरची मांडणी करणाऱ्या रिॲक्ट या लायब्ररीला एक संदर्भ-तुलना, म्हणजे दोन्ही रचना मेमरीत एकच आहेत का एवढे पाहणे, पुरते.

नाव आणि मूल्य यांच्या जोड्या ठेवणाऱ्या, या लायब्ररीतील 'मॅप'च्या क्रमाबाबत मात्र सावध राहावे. आठ घटकांपर्यंत तो भरलेल्या क्रमानेच बाहेर येतो. नववा घटक आला की आतली मांडणी बदलते आणि क्रमाचा भरवसा उरत नाही. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, सल्फर, क्रोमियम, तांबे आणि मॅग्नेशियम असे आठ रकाने व्यवस्थित दिसतात, पण निकेल जोडताच अहवालाची मांडणी विस्कटू शकते. क्रम महत्त्वाचा असेल, तर 'ऑर्डर्डमॅप'च घ्यावा. लायब्ररीचे दस्तऐवजही तेच सांगतात.

खरा जाच इतर लायब्रऱ्यांशी जोडणीच्या सीमेवर होतो. तक्ते आणि आलेख काढणाऱ्या इतर लायब्रऱ्यांना साधे ॲरे (जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या याद्या) लागतात, म्हणून साध्या रूपात बदलणारे 'टूजेएस' वापरावे लागते. पण ते दर वेळी आतपर्यंत पूर्ण नवी प्रत बनवते, आणि संदर्भ-तुलनेचा मिळवलेला फायदा तिथेच वाया जातो.

म्हणूनच तपासनिसाने भरायच्या छोट्या फॉर्मसाठी आम्ही मिशेल वेस्टस्ट्रेट यांची इमर ही लायब्ररी ठेवली आहे. तिच्यात नेहमीच्या जावास्क्रिप्टप्रमाणेच लिहिता येते आणि निकालही साधा, गोठवलेला ऑब्जेक्ट असतो. मात्र मोठ्या ॲरेतील एक घटक बदलला, तरी इमर त्या ॲरेची वरवरची प्रत पूर्ण लांबीची काढते. त्यामुळे वर्षभराच्या हीटचा इतिहास आम्ही इम्युटेबल जेएसच्या 'लिस्ट'मध्येच ठेवला असून, स्पेक्ट्रोमीटरची (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राची) फाइल एकदम भरताना, अनेक बदल एकत्र करू देणारे 'विथम्युटेशन्स' वापरून मधल्या निरुपयोगी आवृत्त्या टाळतो.