घरगुती वीजकामावर सही करण्याचा अधिकार : इंग्लंडमधील प्रशिक्षण व नोंदणी सेवेचे परीक्षण

इंग्लंड आणि वेल्समध्ये घरातील वीजकाम जानेवारी २००५ पासून इमारत नियमावलीच्या 'पार्ट पी' या भागाखाली येते. त्यातील ठरावीक कामांची सूचना स्थानिक कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाला द्यावी लागते. ज्या कारागिराने सरकारमान्य 'सक्षम व्यक्ती योजने'त नोंदणी केली आहे, त्याला मात्र आपल्याच कामाचे प्रमाणपत्र स्वतः देता येते. हा अधिकार मिळवण्यासाठी तीन गोष्टी विकत घ्याव्या लागतात : वायरिंगच्या नियमांचा अभ्यासक्रम, तपासणी व चाचणीचा अभ्यासक्रम आणि योजनेची वार्षिक नोंदणी. या तिन्हींसाठी मी पैसे मोजले आहेत, आणि त्यांपैकी कशाचे मोल किती, हे येथे लिहीत आहे. मी मूळचा नाशिकचा, आयटीआयचा वीजतंत्री असून इकडे येण्यापूर्वी बरीच वर्षे वायरमन म्हणून काम केले आहे. त्यामुळे हे परीक्षण अगदी नवख्यापेक्षा, हातात काम असूनही इथला कागद नसलेल्या माणसाला अधिक उपयोगी पडेल.

महाराष्ट्रातून येणाऱ्याला आधी इथल्या कायद्याची रचनाच चमत्कारिक वाटते. आपल्याकडे तारतंत्रीचा परवाना, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती अशी सरकारी उतरंड आहे, आणि परवानाधारक ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टशिवाय नवी वीजजोडणी मिळत नाही. ब्रिटनमध्ये 'इलेक्ट्रिशियन' म्हणवून घेण्यासाठी कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. कायदा कारागिराला फारसे विचारत नाही. केलेले काम सुरक्षित आहे का, आणि सूचना देण्याजोगे असल्यास ती दिली का, एवढेच तो विचारतो. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये अशा कामांची यादीही आखडली आहे. नवे सर्किट टाकणे, कन्झ्युमर युनिट म्हणजे आपला डीबी (मुख्य वितरण पेटी) बदलणे, आणि बाथटब किंवा शॉवरभोवतालच्या ठरलेल्या क्षेत्रात अस्तित्वातील सर्किटमध्ये फेरफार करणे, एवढीच कामे आता तिच्यात मुख्यतः उरली आहेत. स्वयंपाकघरात एक सॉकेट वाढवणे आता त्यात येत नाही. वेल्सने जुनी, लांब यादी कायम ठेवली, आणि स्कॉटलंडमध्ये तर पार्ट पी लागूच नाही. तिथली व्यवस्था निराळी असल्याने तिथे राहणाऱ्यांनी हे परीक्षण प्रशिक्षणाच्या भागापुरतेच वाचावे.

या सैल रचनेचा फायदा घेणारे एक दुकान इथे जोरात चालते, ते म्हणजे 'काही आठवड्यांत इलेक्ट्रिशियन' बनवणाऱ्या पॅकेजचे. अशाच एका संस्थेच्या विक्री प्रतिनिधीने मला फोनवर सांगितले होते, की त्यांचे पॅकेज पूर्ण केले की नोंदणी 'आपोआप' होते. तसे काही होत नाही. नोंदणी योजना देते, प्रशिक्षण केंद्र देत नाही. आणि योजना फक्त शिक्षणाचे कागद पाहून थांबत नाही, ती पूर्ण केलेली कामेही पाहते. शिवाय त्या पॅकेजमधला बराचसा भाग, म्हणजे वायर कापणे, क्लिप मारणे, सॉकेट बसवणे, हा अनुभवी वायरमनला पुन्हा पैसे देऊन शिकण्याची गरज नसते, आणि ज्याने कधी वायर ओढलेलीच नाही, त्याला तो थोड्या आठवड्यांत पुरेसा येत नाही. मी ते घेतले नाही, आणि कोणालाही सुचवणार नाही. ज्यांना घरगुती कामांपलीकडे मोठ्या साइटवर जायचे आहे, त्यांच्यासाठी एनव्हीक्यू लेव्हल ३ (तिसऱ्या पातळीची व्यावसायिक पात्रता) आणि त्यानंतरची एएम२ ही प्रात्यक्षिक परीक्षा हा रुळलेला मार्ग आहे; जुन्या अनुभवी कामगारांसाठी त्याचे 'एक्स्पीरियन्स्ड वर्कर असेसमेंट' हे रूप आहे, आणि आपल्याकडच्या लोकांनी आधी त्याची चौकशी करावी. योजनांचा कलही लेव्हल ३ कडेच झुकत चालला आहे. आयटीआयच्या प्रमाणपत्राचा, परदेशी शिक्षणाची तुलना करणाऱ्या यूके एनिक या संस्थेकडून मिळणारा तुलनात्मक दाखला मला शैक्षणिक पातळी दाखवण्यापुरताच उपयोगी पडला.

नियमांच्या अभ्यासक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बीएस ७६७१ या वायरिंगच्या ब्रिटिश मानकाची १८वी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली आणि जानेवारी २०१९ पासून लागू झाली. तिला पुढे दुरुस्त्या होत गेल्या, म्हणून पुस्तक घेताना ते नव्या दुरुस्तीसह आहे ना, हे पाहावे. सिटी अँड गिल्ड्स या परीक्षासंस्थेच्या २३८२ या परीक्षेत दोन तासांत ६० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि पुस्तक समोर उघडे ठेवता येते. पुस्तकात कोणती गोष्ट कोठे आहे, हे शोधण्याचा सराव म्हणजेच हा अभ्यासक्रम. वर्गात शिकवणाऱ्याची फी देण्याऐवजी घरी अनुक्रमणिकेशी मैत्री केली तरी चालते. ऑनलाइन वर्ग पुरेसा आहे. ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला मीटरची तार कोठे लावायची हेही ठाऊक नसू शकते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते सिटी अँड गिल्ड्स २३९१-५२ या तपासणी व चाचणीच्या अभ्यासक्रमात. आपल्याकडे दिवा लागला, पंखा फिरला आणि टेस्ट लॅम्पने फेज-अर्थ दाखवले की काम झाले असे मानण्याची सवय असते, आणि मेगर (इन्सुलेशन मोजण्याचे उपकरण) निघतो तो बहुधा मोटार किंवा केबल संशयास्पद असेल तेव्हा. इथे मात्र प्रत्येक सर्किटच्या नावापुढे आकडे लिहावे लागतात, आणि सही त्या आकड्यांखाली करायची असते. क्रमही ठरलेला आहे : प्रथम पुरवठा बंद करून कुलूप लावणे, व्होल्टेज इंडिकेटर आधी चालू स्रोतावर पडताळून पाहणे, मग सर्किट मृत असल्याची खात्री करणे आणि इंडिकेटर पुन्हा पडताळणे; त्यानंतर संरक्षक वाहकाची म्हणजे अर्थच्या तारेची कंटिन्यूइटी (अखंडता), रिंग सर्किटची कंटिन्यूइटी, इन्सुलेशन रेझिस्टन्स (आवरणाचा रोध), पोलॅरिटी (फेज व न्यूट्रल आपापल्या जागी असणे); आणि पुरवठा सुरू केल्यावर अर्थ लूप इम्पीडन्स (दोषप्रवाह ज्या वाटेने फिरतो तिचा रोध), संभाव्य दोषप्रवाह व आरसीडी (गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण).

या सर्वांत मला नवे होते ते रिंग सर्किट, कारण आपल्याकडे सॉकेटची सर्किटे रेडियल, म्हणजे शेवटच्या सॉकेटवर संपणारी असतात. ब्रिटिश घरात २.५ चौरस मिलीमीटरची केबल डीबीतून निघते, एकामागून एक सॉकेट घेते आणि फिरून त्याच ३२ अँपियरच्या ब्रेकरवर परत येते. दोन्ही बाजूंनी विद्युतप्रवाह वाटला जातो, म्हणून एवढी बारीक केबल एवढ्या मोठ्या ब्रेकरवर चालते. पण ही रिंग मध्ये कोठे तुटली, तर घरातल्या कोणालाही ते कळत नाही : सर्व सॉकेट चालू राहतात, किटली उकळते, हीटर तापतो, आणि एकाच बाजूची केबल तिच्या कुवतीबाहेरचा प्रवाह वाहत राहते. ते कळते फक्त ओममीटरवर. फेजची दोन्ही टोके, न्यूट्रलची दोन्ही टोके आणि अर्थची दोन्ही टोके यांमधला रोध मोजायचा, २.५ मिमीच्या फेजसोबत १.५ मिमीचा अर्थ वाहक असलेल्या नेहमीच्या केबलमध्ये अर्थचा आकडा फेजच्या सुमारे १.६७ पट येतो, आणि तसा तो आला नाही तर काहीतरी चुकले आहे, हे वाहकाच्या जाडीवरूनच ठरते. मग टोके उलटसुलट जोडून प्रत्येक सॉकेटवर मोजायचे. फेज आणि न्यूट्रल जोडले असता सगळीकडे जवळजवळ सारखाच आकडा यावा, आणि एखाद्या ठिकाणी तो वाढला, तर तो सॉकेट रिंगवर नसून तिच्यापासून काढलेल्या फाट्यावर आहे, असे समजावे. आमच्या शिक्षकांनी सरावाच्या बोर्डमध्ये मुद्दाम दोष पेरून ठेवले होते, आणि आकडे पाहून दोष सांगा, एवढाच त्यांचा आग्रह होता. या अभ्यासक्रमाला पूर्ण गुण द्यावेत ते या एका कारणासाठी.

अर्थिंगचा भागही आपल्या वायरमनने लक्ष देऊन करावा. आपल्याकडे घराशेजारी खड्डा घेऊन अर्थिंग करण्याची पद्धत रुळलेली आहे. इथे शहरी घरांत अर्थ बहुधा पुरवठा कंपनीच्या केबलमधूनच मिळतो, आणि टीएन-सी-एस (पुरवठ्यात न्यूट्रल व अर्थ एकाच वाहकातून येणाऱ्या) पद्धतीत बाहेरचा लूप इम्पीडन्स ०.३५ ओहमपेक्षा अधिक नसल्याचे गृहीत धरले जाते. त्यामुळे गॅस व पाण्याच्या धातूच्या नळांचे बाँडिंग (ते अर्थला जोडणे) ही इथे दुय्यम बाब राहत नाही, आणि परीक्षेत ते न पाहणाऱ्याचे गुण जातात. रंगांचाही घोळ होतो. आपल्या थ्री-फेजमध्ये निळी तार फेज असते. इथे २००६ पासून नव्या कामात निळी म्हणजे न्यूट्रल. जुन्या ब्रिटिश घरात मात्र न्यूट्रल काळी असते, आणि नव्या थ्री-फेज कामात काळी तार फेज असते. रंगावर विसंबू नये, हे शिक्षकांनी एकदाच सांगितले आणि सरावाच्या बोर्डने वारंवार.

परीक्षेत संगणकावरचे प्रश्न, लेखी उत्तरे आणि प्रात्यक्षिक असे भाग आहेत. आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांचा उपयोग कळणे महत्त्वाचे : बी प्रकारच्या ३२ अँपियरच्या ब्रेकरसाठी पुस्तकात लूप इम्पीडन्सची कमाल मर्यादा १.३७ ओहम दिली आहे, पण चाचणीच्या वेळी तार थंड असते, म्हणून मोजलेला आकडा साधारण त्याच्या ८० टक्क्यांत, म्हणजे १.१ ओहमच्या आत असावा लागतो. ५०० व्होल्टवर इन्सुलेशन किमान १ मेगओहम असावे, हा नियम आहे. परंतु नव्या वायरिंगवर १.२ मेगओहम आले तर सही करण्याऐवजी कारण शोधावे, हे शहाणपण कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नाही, ते चांगल्या शिक्षकाकडूनच मिळते. म्हणून केंद्र निवडताना प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र बोर्ड आणि स्वतंत्र मीटर मिळतो का, एवढे आधी विचारावे. एका बोर्डपुढे तिघे उभे राहणार असतील, तर तिथे जाऊ नये.

आता नोंदणी. एनआयसीईआयसी आणि नॅपिट या दोन योजना सर्वांत परिचित आहेत, आणि घरगुती कामापुरती नोंदणी दोन्हींकडे मिळते. मी कोणाकडे आहे हे सांगत नाही, कारण तपासणी अधिकारी कोण मिळतो, यावर अनुभव बराच अवलंबून असतो. अर्जासोबत शिक्षणाची प्रमाणपत्रे, किमान २० लाख पाउंडांचा सार्वजनिक दायित्व विमा, चालू आवृत्तीची पुस्तके, तक्रारींची नोंद ठेवण्याची पद्धत आणि चाचणी उपकरणांच्या अचूकतेची नोंद, एवढे दाखवावे लागते. त्यानंतर अधिकारी पूर्ण केलेले काम प्रत्यक्ष पाहायला येतो, आणि घरमालकाची परवानगी काढून त्याला तिथे नेण्याची व्यवस्था आपणच करायची असते. नवख्याची कोंडी इथेच होते : नोंदणीसाठी सूचनायोग्य काम दाखवायचे, आणि ते काम नोंदणीआधी करायचे तर बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवून त्यांची फी भरायची. ही फी टाळण्यासाठी काम लपवून ठेवण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण पुढे घर विकताना तेच प्रमाणपत्र खरेदीदाराचा वकील मागतो.

माझ्या अधिकाऱ्याने कागद थोडक्यात पाहिले आणि मग डीबीचे झाकण मलाच उघडायला लावले. प्रमाणपत्रावर लिहिलेला एक आकडा त्याने निवडला आणि तो समोर पुन्हा मोजून दाखवायला सांगितले. प्रश्नही सरळ होते : हा आरसीडी किती वेळात सुटला पाहिजे, आणि तो वेळ तुमच्या मीटरने कोणत्या बटणावर दाखवला? ३० मिलीअँपियरच्या साध्या आरसीडीने त्याच्या नाममात्र दोषप्रवाहावर ३०० मिलीसेकंदांच्या आत तुटावे, हे उत्तर पाठांतराने देता येते, पण मीटर वापरताना हात अडखळला की तो लगेच ओळखतो. या भेटीबद्दल माझी तक्रार नाही. उलट ती थोडी अधिक काटेकोर व्हावी, असेच वाटते.

तक्रार आहे ती इतर बाबींची. वार्षिक शुल्क काहीशे पाउंडांच्या घरात जाते, त्यावर प्रत्येक कामाच्या सूचनेचे किरकोळ शुल्क वेगळे, आणि विमा, उपकरणांचे कॅलिब्रेशन व नव्या दुरुस्तीची पुस्तके यांचा खर्च आणखी वेगळा. सूचना काम संपल्यापासून ३० दिवसांच्या आत जायला हवी. ती ऑनलाइन भरता येते आणि योजना पुढे कौन्सिलला कळवते, हा भाग चोख आहे. मात्र घरगुती नोंदणी आणि पूर्ण ठेकेदाराची नोंदणी यांतला फरक योजनांच्या जाहिरातींतून सामान्य ग्राहकाला कळत नाही, आणि दुकानाचे वायरिंग करून द्या म्हणून येणाऱ्याला नाही म्हणताना आपल्यालाच स्पष्टीकरण देत बसावे लागते. महिन्याला एखादा डीबी किंवा नवे सर्किट करणाऱ्याला हे शुल्क परवडते. वर्षातून एखादेच असे काम करणाऱ्याने कौन्सिलला आधी कळवावे, किंवा काम सुरू करण्यापूर्वीच मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रमाणकाशी ठरवून घ्यावे; ही दुसरी सोय इंग्लंडमध्ये आहे, पण दुसऱ्याच्या कामावर सही करायला तयार होणारे फार थोडे.

भाड्याच्या घरांच्या तपासणीबद्दल मात्र गैरसमज करून घेऊ नये. २०२० च्या नियमांनी इंग्लंडमधील खासगी भाड्याच्या घरांना किमान दर पाच वर्षांनी वीजतपासणी सक्तीची केली, आणि तेव्हापासून घरमालकांची मागणी मोठी आहे. पण आपल्या हातचे नवे काम प्रमाणित करण्याची नोंदणी म्हणजे दुसऱ्याच्या जुन्या वायरिंगचा अहवाल देण्याची मान्यता नव्हे. त्यासाठी योजनेतली व्याप्ती वेगळी घ्यावी लागते आणि व्यावसायिक दायित्वाचा विमाही वेगळा लागतो. सापडलेल्या दोषाला सी१ (धोका आहेच), सी२ (धोका संभवतो) किंवा सी३ (सुधारणा सुचवलेली) यांपैकी कोणता दर्जा द्यायचा, हे ठरवायला जुनी घरे पुष्कळ पाहिलेली असावी लागतात. मी स्वतः ही कामे सध्या घेत नाही. विचारणाऱ्या घरमालकांना योजनेच्या संकेतस्थळावरील तपासनीसांच्या यादीकडे पाठवतो.