ट्रकची तपासणी: सीमेवरचा नाका की वायुवेग पथक?
सीमा तपासणी नाक्याची खरी ताकद त्याच्या वजनकाट्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड होतो, शिवाय तो माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही. म्हणून काट्यावरचा आकडा निर्विवाद असावा लागतो आणि उतरवलेल्या गोण्या ठेवायला जागाही लागते. मात्र नाका कुठे आहे हे प्रत्येक चालकाला ठाऊक असते, आणि आडवाटेने तो चुकवणारेही असतात.

परिवहन विभागाचे वायुवेग पथक, म्हणजे फिरते तपासणी पथक, नेमके तिथेच उपयोगी पडते, कारण ते अनपेक्षित जागी गाडी थांबवते. गुळगुळीत झालेले टायर, बंद पडलेला मागचा दिवा, चालकाने केलेले मद्यपान या गोष्टी रस्त्याच्या कडेलाही उघड होतात, आणि कागदपत्रे डिजिलॉकरवर दाखवली तरी चालतात. ब्रेकची खरी परीक्षा मात्र उभ्या गाडीवर होत नाही.

एकाचीच निवड करायची झाल्यास, अपघात टाळण्यासाठी मी पथकाला आणि जादा भारापासून रस्ते वाचवण्यासाठी नाक्याला झुकते माप देईन. चालकाच्या कामाच्या दिवसाला ८ तासांच्या मर्यादेची खातरजमा करण्याचे भरवशाचे साधन दोघांकडेही नाही.