जुन्या सभागृहाचा आवाज: बांधकाम की इलेक्ट्रॉनिक्स?

वारसा सभागृहाच्या समितीवरची एक मैत्रीण पेचात आहे: नाटक छान ऐकू येतं, वाद्यवृंद मात्र कोरडा वाजतो. संवादाला साधारण १ सेकंदाचा घुमारा (आवाज थांबल्यावरही हॉलमध्ये रेंगाळणारा नाद) पुरतो, सिंफनीला २ च्या आसपास लागतो.

बांधकामाने तो वाढवायचा तर छत उंच करा, जाड पडदे-गालिचे काढा. छत नक्षीदार असेल तर गाडी तिथेच अडते. खर्चही मोठा, पण एकदा केलं की पिढ्या निघतात.

इलेक्ट्रॉनिक प्रणालीत माइक हॉलमधला आवाज टिपतात, प्रोसेसर घुमारा जोडतो, लपवलेले स्पीकर तो परत सोडतात. बटण दाबलं की पुन्हा नाटकाचा हॉल! मात्र ती भर घालते, वजा करत नाही. प्रतिध्वनी किंवा एसीची घरघर तशीच राहते. शिवाय यंत्रं म्हातारी होतात. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये (१९५१) १९६०च्या दशकात १७२ चॅनेलची (प्रत्येक चॅनेल म्हणजे माइक-स्पीकरची एक जोडी) इलेक्ट्रॉनिक प्रणाली बसवली. शेवटी २००५-०७ मध्ये हॉलच्याच अंतर्भागाला हात लावावा लागला.

नाटक, भाषण, मैफल सगळंच होत असेल, नक्षीला धक्का नको असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स घ्या. देखभालीचा पैसा आधीच बाजूला ठेवा. फक्त संगीतच असेल आणि छताला हात लावता येत असेल, तर बांधकाम.